बाकर कुठे आहे?

सकाळी साडेनऊ वाजता लुर्देशबाईंनी केकमध्ये सुरी घातली आणि ती परत निघेना.

आधी त्यांनी ती जराशी हलवून पाहिली. मग जोर लावून ओढली, तर केक ताटलीसकट वर आला. बोटानं दाबला तर खड्डा पडला, आणि बोट काढल्यावर खड्डा सावकाश भरून आला. चाळीस वर्षं त्या हा संत्र्याचा केक करत होत्या. पोर्तुगालच्या डोंगरातल्या त्यांच्या गावात लग्नाला, बारशाला, पाद्रीबाबा येणार असले तर त्यांनाही, हाच केक जायचा. तो असा कधी वागला नव्हता.

काल संध्याकाळी पीठ कमी पडलं होतं, एवढंच काय ते वेगळं. फळीवर एक कागदी पुडा दिसला, त्यातलं पांढरं पीठ त्यांनी दोन वाट्या घातलं. पुड्यावर हसऱ्या नवराबायकोचं चित्र होतं, तेव्हा काही वावगं असेल असं वाटलं नाही. आता त्यांनी चष्मा लावून पाहिलं. नवऱ्याच्या हातात रुंद ब्रश होता आणि बायकोच्या हातात भिंतीला लावायच्या कागदाची गुंडाळी. त्यांचा मुलगा दुआर्त गेले पंधरा दिवस मागच्या खोलीच्या भिंतींना कागद लावत होता, आणि हा त्याचा खळीचा पुडा होता.

एरवी त्या स्वतःवरच हसल्या असत्या. पण साडेदहाला विहीणबाई यायच्या होत्या.

विहीणबाई म्हणजे रूलीबाई. सहा फूट उंच, ताठ, पासष्टीतही सायकलवर उलटा वारा कापत येणाऱ्या. साडेदहा म्हणजे साडेदहा. दोन मिनिटं आधी पोचल्या तर फाटकाशी सायकल धरून दोन मिनिटं उभ्या राहत. एक कप कॉफी, एक केकचा तुकडा, आणि कप रिकामा झाला की उठत. त्या अर्ध्या तासात लुर्देशबाई हसत, रूलीबाई मान हलवत, आणि मध्ये सून फेम्के दोघींचं बोलणं इकडून तिकडे पोचवत बसे. फेम्के दुआर्तसाठी दीड वर्षात पोर्तुगीज शिकली होती. लुर्देशबाईंना हॉलंडात येऊन तीन वर्षं झाली होती आणि विहिणीसमोर त्यांचं डच अजून 'नमस्कार' आणि 'खूप वारा आहे' यांच्या पुढे सरकलं नव्हतं. नेमकं हेच त्यांना खात होतं.

आज तर मध्ये फेम्केही नव्हती. दुआर्त कामावर. फेम्के सकाळीच छोट्या योपला पोहण्याच्या वर्गाला घेऊन गेली. जाताना म्हणाली, "अहो आई, माझी आई साडेदहाला येतेय. आधी तिला गावात एका घरी जायचंय, तिथून इकडे. मी अकराच्या सुमाराला पोचते. तेवढा अर्धा तास तुम्ही दोघी..." आणि दोघी काय करतील हे तिलाही सुचलं नाही, तेव्हा तिनं सासूच्या दंडावर थोपटलं आणि गेली.

मागच्या रविवारी भांडी पुसता पुसता दुआर्त म्हणाला होता, "आई, तुला इथे करमत नसेल तर सांग. तिकडे मावशी एकटीच आहे. दोघींना सोबत होईल."

"करमत नाही असं मी कधी म्हटलं?"

"कुठे काय म्हणतेस! तेच तर. तू काहीच म्हणत नाहीस."

मुलाला आपण परत जायला हवंय, असंच लुर्देशबाईंनी धरलं. योप 'आजी' म्हणायला लागून चारच महिने झाले होते.

तेव्हा केक हवा होता, आणि तोही तासाभरात. गावात बेकरी होती एवढं त्यांना माहीत होतं, कारण पाव कुठून तरी येत होता. आणि विचारायचं कसं तेही त्यांना येत होतं. मंगळवारी-गुरुवारी वाचनालयात वेसिंग मास्तर परदेशी बायाबापड्यांना फुकट डच शिकवत. त्यांची सगळी नोकरी जमीन मोजण्यात गेलेली, त्यामुळे 'रस्ता विचारणे' हा चौथा धडा त्यांनी पाच आठवडे चालवला होता.

"बेकरी विचारायची असेल तर काय म्हणाल?"

"बाकर कुठे आहे?"

"'द' कुठे गेला, लुर्देशबाई? 'द बाकर'!"

डच लोकांना नामाच्या आधी कधी 'द' लागतो, कधी 'हेट', आणि कुठे काय हे म्हणे आईच्या दुधाबरोबर येतं. लुर्देशबाईंनी आपल्यापुरती तोड काढली होती. शंका आली की दोन्ही गाळायचे. मास्तर कपाळाला हात लावत आणि पुढे जात. "बरं, बेकरी बंद असली तर?"

"अरेरे. जवळपास दुसरा बाकर आहे का?"

"वा! आता ही पाटी बघा." मास्तरांनी फळ्यावर एक चौकोन काढला आणि त्यात तांबडी आडवी रेघ. "या रस्त्याला 'डोड' म्हणतात. पुढे जाऊ नका. संपलं."

लुर्देशबाईंनी वहीत लिहून घेतलं: डोड म्हणजे बंद.

पावणेदहाला त्यांनी काळा कोट चढवला, डोक्याला काळी शाल गुंडाळली. नवरा गेल्यापासून, म्हणजे पाच वर्षं, त्या काळंच घालत होत्या. त्यांच्या गावी यात विशेष काही नव्हतं. तिथं पन्नाशीपुढची प्रत्येक बाई कोणा ना कोणासाठी काळ्यात असे. पर्स घेतली, किल्ली घेतली, दोनदा दार लोटून पाहिलं, आणि वाक्य पुटपुटत रस्त्याला लागल्या. "माफ करा, द बाकर कुठे आहे? माफ करा, द बाकर कुठे आहे?" नोव्हेंबरचा वारा डोळ्यांतून पाणी काढत होता.

चौकात एक तरुण बाई सायकल थांबवून उभी होती. सायकलीला पुढे भली मोठी लाकडी पेटी, पेटीत दोन पोरं आणि एक भोपळा.

"माफ करा," लुर्देशबाई म्हणाल्या, "द बाकर कुठे आहे?"

प्रश्न अस्सल निघाला. 'द' जागच्या जागी, सूर बरोबर शेवटी चढलेला. आणि तिथेच घात झाला. इतका सुरेख प्रश्न विचारणाऱ्या बाईला उत्तरही कळणारच, असं धरून त्या मुलीनं नळ सोडावा तसं उत्तर सोडलं. वेसिंग मास्तरांनी पाच आठवडे प्रश्न विचारायला शिकवला होता. उत्तर आलं तर त्याचं काय करायचं हे बहुधा पाचव्या धड्यात असावं. लुर्देशबाई जीव कानात आणून ऐकत राहिल्या. त्या धबधब्यातून 'चर्च' हाती लागलं, 'पूल' लागला असं वाटलं, आणि एक शब्द मात्र दोनदा स्पष्ट आला: रेख्ट... रेख्ट...

रेख्ट्स! म्हणजे उजवीकडे!

"कळलं?" मुलीनं विचारलं. चेहरा पाहून तिला शंका आली असावी, कारण लगेच ती इंग्रजीत काहीतरी म्हणाली. लुर्देशबाईंना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. त्यांनी घाईघाईनं मान डोलावली, आभार मानले आणि उजवीकडे वळल्या.

मुलगी म्हणाली होती 'रेख्टडोर'. म्हणजे नाकासमोर सरळ. तिनं मागून हाकही मारली, पण लुर्देशबाईंना वाटलं ती पोरांवर ओरडतेय.

उजवीकडचा रस्ता घरांचा होता. एकासारखं एक विटांचं घर, प्रत्येकासमोर हातरुमालाएवढी हिरवळ, आणि दुकान म्हणून औषधाला नाही. लुर्देशबाई आणखी एका उजवीकडे वळल्या. मास्तर म्हणत, रस्ता चुकला तर मागे फिरा. पण मागे म्हणजे कुठे, हे आता त्यांना सांगता आलं नसतं. मनगटावरच्या घड्याळात दहा वाजून बारा मिनिटं. आता रूलीबाई निघाल्या असतील. येतील, घंटा वाजवतील, दार उघडणार नाही, आणि फेम्केला विचारतील, 'तुझ्या सासूबाईंना साधं घरीसुद्धा थांबता येत नाही का?' मग दुआर्त तिकीट काढेल. एका बाजूचं.

एका फाटकाशी एक म्हातारे गृहस्थ पानं गोळा करत होते. लुर्देशबाई त्यांच्यापाशी जवळजवळ धावतच गेल्या. धाप लागलेली, वाक्य कुठल्या कुठे पळालेलं, 'माफ करा' गेलं, 'द' तर आधीच गेला. तोंडातून एवढंच निघालं:

"बाकर? बाकर कुठे?"

आता गंमत अशी, की 'द बाकर' म्हटलं तर बेकरीवाला. पण नुसतं 'बाकर' म्हटलं तर ते आडनाव होतं, आपल्याकडे जोशी-कुलकर्णी असतात तसं गल्लोगल्ली सापडणारं. आणि या गल्लीत, चार घरं सोडून, बर्ट बाकर नावाचे ब्याऐंशी वर्षांचे गृहस्थ बुधवारी वारले होते.

म्हाताऱ्यानं वर पाहिलं. काळा कोट. काळी शाल. डोळ्यांत पाणी. त्यानं दाताळं बाजूला ठेवलं आणि टोपी काढली.

"तुम्ही बाकरकडे निघालात होय?" तो हलक्या आवाजात, अगदी सावकाश म्हणाला.

एकूण एक शब्द कळला! "हो, हो! बाकर!"

"लांबून आलात?"

'लांब' कळलं. तिसऱ्या धड्यातला शब्द. "लांब. पोर्तुगाल."

म्हाताऱ्याचा चेहरा हलला. त्यानं आपला हात पुढे केला आणि त्यांना कोपराला धरून, जपून, जणू त्या काचेच्या आहेत अशा बेतानं चालवत नेलं. लुर्देशबाई संकोचल्या. इथली माणसं एवढी मदत करतात हे तीन वर्षांत कळलंच नव्हतं. पावासाठी टोपी काढतात! आपणच बोललो नाही, आपलंच चुकलं.

घराचे पडदे ओढलेले होते. लुर्देशबाईंना बरं वाटलं. या देशात लोक पडदे कधी लावतच नाहीत, रस्त्यावरून जाणाऱ्याला पार मागच्या अंगणापर्यंत दिसतं. निदान या घराला थोडी लाज आहे. दुकानाची पाटी दिसेना, पण दार उघडताच कॉफीचा आणि केकचा वास आला, तेव्हा त्यांनी ओळखलं: घरगुती बेकरी. त्यांच्या गावचा पाववालाही माजघरातूनच विकायचा.

"ह्या पोर्तुगालहून आल्यात," म्हाताऱ्यानं दार उघडणाऱ्या शेजारणीला सांगितलं. "एवढ्या लांबून. बर्टसाठी."

"पोर्तुगालहून?" शेजारीण म्हणाली. "बर्ट तर कधी जर्मनीच्या पुढे गेला नाही!"

पण दारात आलेल्याला परत कोण पाठवतं? कोट उतरवला गेला, शाल राहिली, आणि लुर्देशबाई आतल्या खोलीत ढकलल्या गेल्या.

खोलीत गोल मांडलेल्या चौदा खुर्च्या. खुर्च्यांवर चौदा माणसं, प्रत्येकाच्या मांडीवर कपबशी. कपाटावर टपालानं आलेली कार्डं, खिडकीत फुलंच फुलं. ना पाव, ना तराजू, ना गल्ला. आणि समोरच्या खुर्चीत, ताठ बसलेल्या, हातात केकचा तुकडा घेतलेल्या, रूलीबाई.

लुर्देशबाई उंबऱ्यातच थबकल्या. आणि मग सगळं लख्ख उजळलं. आधी एका घरी जायचंय, म्हणाली होती फेम्के. हे ते घर! खुर्च्या गोल, कॉफी, केक, फुलं, कार्डं. योपच्या वाढदिवसाला अगदी हेच होतं. तेव्हा दुआर्तनं त्यांना कोपऱ्यात नेऊन बजावलं होतं, "आई, इथे वाढदिवसाला नुसता ज्याचा वाढदिवस त्याचाच हात धरायचा नाही. गोलात बसलेल्या प्रत्येकाजवळ जायचं, हात मिळवायचा आणि अभिनंदन म्हणायचं. प्रत्येकाला! एकही सोडायचा नाही, नाहीतर वाईट दिसतं." आणि तो शब्द त्यांच्याकडून वीसदा घोकून घेतला होता: खेफेलिसितेर्त. सुरुवातीचा 'खे' घशात माशाचा काटा अडकल्यासारखा काढायचा.

चुकून दुसऱ्याच्या वाढदिवसात शिरलो होतो, ते शिरलो होतो. आता विहीणबाईंच्या डोळ्यांदेखत पाठ फिरवून पळणं शक्य नव्हतं. रीत मोडली असं निदान कोणी म्हणायला नको. लुर्देशबाईंनी शाल सारखी केली, हसू आणलं, आणि सगळ्यात जवळच्या खुर्चीतल्या बारीक चणीच्या म्हाताऱ्या बाईचा हात हातात घेतला.

"खेफेलिसितेर्त!"

'खे' असा निघाला की वेसिंग मास्तरांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

त्या बाई म्हणजे आल्त्येबाई बाकर, बुधवारपासूनच्या विधवा. त्या डोळे मोठे करून बघतच राहिल्या. पण लुर्देशबाई पुढच्या खुर्चीकडे गेल्याही होत्या. "खेफेलिसितेर्त!" मग पुढच्या. आता डचमध्ये समाचाराला म्हणायचा शब्दही 'खे'नं सुरू होतो आणि 'एर्त'नं संपतो. मधली चार अक्षरं काय ती निराळी. परदेशी बाई, बिचारीची जीभ वळत नसेल, असं म्हणून निम्म्या लोकांनी ते सोडून दिलं आणि 'आभारी आहे' म्हणाले. उरलेले निम्मे अवाक् होऊन हात देत गेले. एका जाडजूड काकूंना ठसका लागला. दिवंगतांचे धाकटे भाऊ हार्म बाकर, अडुसष्ट वर्षांचे, अविवाहित, यांनी सवयीनं उभं राहून हात मिळवला आणि बसताना त्यांना बसवेना.

शेवटी रूलीबाईंची खुर्ची आली. लुर्देशबाईंनी सगळं बळ एकवटलं. "खे-फे-लि-सि-तेर्त, रूली!"

रूलीबाईंनी त्यांचं मनगट पकडलं. चेहऱ्यावर रंग नव्हता. आवाज खाली आणून, एकेक शब्द सुटा करून, लहान मुलाला सांगावं तसं त्या म्हणाल्या, "लुर्देश. बाकर. डोड."

लुर्देशबाईंनी डोळे मिचकावले.

"बा-कर," रूलीबाई पुन्हा म्हणाल्या, "आहे. डोड."

आणि लुर्देशबाईंना कळलं! तीन वर्षांत पहिल्यांदा विहीणबाईंचं आख्खं वाक्य मध्ये कोणी न बसता थेट कळलं होतं. बाकर बंद आहे! म्हणजे विहीणबाईंना ठाऊक होतं की आपण बेकरी शोधतोय. कसं ठाऊक होतं ते देव जाणे, पण त्या रागावल्या नव्हत्या, उलट मदतच करत होत्या. केक मिळाला नाही यात आपला दोष नाही. बेकरीच बंद! आणि यापुढचं वाक्य तर त्यांना पाठ होतं. हीच वेळ होती. भरल्या गोलासमोर, विहिणीसमोर, एकदा दाखवून द्यायचं की लुर्देश बोलते.

त्या घरमालकीण दिसणाऱ्या त्या बारीक चणीच्या बाईंकडे वळल्या. चेहऱ्यावर योग्य तेवढी हळहळ आणली आणि स्वच्छ, खणखणीत डचमध्ये विचारलं:

"अरेरे! जवळपास दुसरा बाकर आहे का?"

जाडजूड काकूंचा केक तोंडाशीच थांबला.

मग एक डोकं वळलं. मग दुसरं. कोणी ठरवून वळवलं नाही, पण गोलातली झाडून सगळी डोकी हार्मकडे वळली. हार्म दोनच घरं पलीकडे राहत. तीस वर्षं त्यांनी आल्त्येबाईंची हिरवळ कापली होती, कौलं शाकारली होती, दर गुरुवारी सायकलवरून वाटाण्याचं सूप आणलं होतं आणि दारातूनच परत गेले होते. बर्ट बाकर तापट माणूस. घरात दोन शब्द बोलले तर एक शिवी असायची. हार्मनं लग्न का केलं नाही, हे गावात प्रत्येकाला माहीत होतं आणि कोणीही, कधीही, कोणाच्याही स्वयंपाकघरातसुद्धा, उघड बोललं नव्हतं. गाव तसं शिस्तीचं होतं.

हार्म रिकाम्या कपात साखर घालून ढवळायला लागले. कान मुळापासून तांबडे झाले.

आल्त्येबाई लुर्देशबाईंकडे बघत होत्या. मग त्यांनी हार्मकडे पाहिलं, आणि बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच चौघांदेखत नजर काढून घेतली नाही.

"आहे," त्या म्हणाल्या. "अगदी जवळ."

जाडजूड काकूंच्या तोंडून "अगं बाई!" निघालं. आणि आल्त्येबाईंना हसू फुटलं. आधी नाकातून, मग खांदे हलले, मग डोळ्यांतून पाणी, आणि ते हसण्याचं आहे की रडण्याचं ते कोणाला सांगता येईना. दोघा-तिघांनी खोकल्यासारखं केलं. म्हातारा पानंवाला खिडकीकडे तोंड करून फुलं मोजू लागला.

काहीतरी भलतंच घडलंय हे लुर्देशबाईंना आता उमगलं. "रूली?" त्या घाबरून म्हणाल्या. "डोड... बंद?"

रूलीबाईंनी मान हलवली. दोन्ही हात छातीवर घडी घातले, डोळे मिटले, मान एका बाजूला टाकली आणि खुर्चीत निश्चल पडून राहिल्या. सहा फुटी बाई तशी पडलेली पाहून दुसरा अर्थ काढायला जागाच नव्हती.

"अरे देवा! आई माझे मारिये!" लुर्देशबाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली. फुलं, पडदे, कार्डं, टोपी, सगळं एकदम डोक्यावर कोसळलं. चौदा माणसांचं अभिनंदन! त्यांना जमीन दुभंगून हवी होती. त्या मागं सरल्या, कोणाच्या तरी पायावर पाय पडला, आणि पोर्तुगीजमध्ये माफी मागू लागल्या, कारण डचमध्ये एवढी मोठी माफी चौथ्या धड्यापर्यंत आलीच नव्हती.

आल्त्येबाईंनी उठून त्यांचा हात धरला. दुसऱ्या हातानं त्यांच्या शालीच्या काठाला बोट लावलं आणि विचारलं, "तुमचे?"

हा प्रश्न कुठल्या धड्यात नव्हता, तरी कळला. "पाच वर्षं," लुर्देशबाई म्हणाल्या.

"चांगले होते?"

लुर्देशबाईंनी मान डोलावली. खूप चांगले होते.

"तुमचं नशीब," आल्त्येबाई म्हणाल्या, त्यांना स्वतःच्या शेजारी बसवलं, आणि केकचा तुकडा दिला. तो संपल्यावर दुसरा दिला. या देशात दुसरा तुकडा सहसा जावयालाही मिळत नाही.

अकराला पाच कमी असताना दोघी विहिणी बाहेर पडल्या. रूलीबाई सायकल हातानं ढकलत पुढे, लुर्देशबाई दोन पावलं मागे. लुर्देशबाई मनातल्या मनात बॅग भरत होत्या. योपचा फोटो वरच ठेवायचा, चुरगळायला नको. बहिणीला काय सांगायचं? थंडी सोसली नाही म्हणावं.

वळणावर रूलीबाई थांबल्या. सायकल एका दिव्याच्या खांबाला टेकवली आणि पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. खांदे हलत होते. एवढा संताप! लुर्देशबाई अंग चोरून वाट बघत राहिल्या. तेवढ्यात रूलीबाई वळल्या. तोंड लाल, डोळे वाहताहेत, एक हात पोटावर.

"तीस वर्षं!" त्यांनी श्वास घेतला. "तीस वर्षं, लुर्देश! अख्ख्या गावाच्या जिभेवर होतं. पाद्रीसाहेबांच्यासुद्धा. आणि तू... तू आत आलीस... आणि त्याला उभं करून..." पुढे बोलणंच होईना. त्यांनी खांब धरला.

लुर्देशबाईंना 'तीस वर्षं' कळलं. कशाची ते कळलं नाही. ते पुढे मे महिन्यात, आल्त्येबाई आणि हार्म एकाच सायकलीवर बसून तळ्याकडे जाताना दिसले तेव्हा फेम्केनं उलगडून सांगितलं. पण विहीण रडत नाही, हसतेय, आणि आजवर 'तुम्ही' म्हणणारी आता 'तू' म्हणतेय, एवढं मात्र पक्कं कळलं. त्यांनाही हसू यायला लागलं. का ते माहीत नसताना आलेलं हसू आवरत नाही. रस्त्यानं जाणाऱ्या एका माणसानं दोन काळ्या कपड्यांतल्या बायका खांबाला धरून डोळे पुसताना पाहिल्या आणि आदरानं मान लववली. त्यावर तर दोघींना उभं राहवेना.

घराच्या दारात फेम्के फोन कानाला लावून उभी होती. केस विस्कटलेले, योप बखोटीला.

"कुठे होता तुम्ही दोघी? मी किती घाबरले! आई, तुझे डोळे बघ! अहो आई, तुमचेसुद्धा! भांडलात का? काय झालं?"

"बेकरीत गेलो होतो," रूलीबाई म्हणाल्या.

"दोघी? मग केक कुठाय?"

"बेकरी बंद होती."

"शनिवारी? शनिवारी कशी बंद असेल? मी आत्ता तिथूनच आले!"

"बंद म्हणजे बंद," रूलीबाई ठणकावून म्हणाल्या. "मी स्वतः पाहिलंय. तुझ्या सासूबाईंनी सगळ्या गावाला विचारून खात्री करून घेतली."

फेम्के गोंधळून सासूकडे वळली. लुर्देशबाई पायपुसण्यावर बूट घासत होत्या आणि वर बघत नव्हत्या.

"यांनी विचारलं? डचमध्ये?"

"मग काय तर!" रूलीबाईंनी विहिणीचा कोट काढून घेतला आणि खुंटीला लावला. "इतकं स्पष्ट आमच्या गावात आजवर कोणी बोललं नव्हतं."